पहिला इंच नसलेली टेप

मित्रांनो, माझी गोष्ट शून्यापासून सुरू करता येणार नाही, कारण माझ्या अंगावर शून्य उरलेलंच नाही. मी एका टेलरमास्तरांच्या गळ्यातली जुनी टेप आहे. साठ इंचांची होते, आता एकोणसाठ इंच उरले आहे. गेलेल्या त्या एका इंचापायी माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाची लांबच लांब पट्टी पिवळ्या रंगात बुडवून वाळवली, तिच्यावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. आम्हा बारा बहिणींचं पुडकं सुया-दोऱ्यांच्या एका दुकानात आलं. तिथे एके दिवशी एक तरुण शिंपी आला. त्याने आम्हा बाराही जणींना शेजारी शेजारी धरून पाहिलं, मग खिशातली लाकडी पट्टी काढून एकेकीला तिच्याशी ताडून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, कापड मोजायचंय की सोनं?" शिंपी हसला आणि त्याने मला उचललं. त्या दिवसापासून मी त्याच्या गळ्यात पडले ती पडलेच.

पुढे त्याला सगळे मास्तर म्हणू लागले. दुकान लहान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवर आरसा. मास्तर माप घेताना बोट नेहमी माझ्या आणि माणसाच्या मध्ये ठेवत, म्हणजे कपडा काचू नये. लोक म्हणत, मास्तरांच्या टेपला डोळे आहेत. खरं म्हणजे डोळे मास्तरांना होते, पण कौतुक कुणाला नको असतं? माझ्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडलेला त्यांना खपत नसे. घरातल्यांचासुद्धा नाही.

एका मोसमात कामाचा फार रेटा होता. रात्रंदिवस जागून डोळे चुरचुरत होते आणि कापता कापता कात्री माझ्यावरून गेली. पितळी टोपीसकट माझा पहिला इंच खाली पडला. मला वाटलं, संपलं सगळं. मास्तरांनी तो तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाले, "पुढचे एकोणसाठ आहेत की." त्यानंतर ते माझ्यावरचा आकडा वाचत आणि मनातल्या मनात त्यातून एक वजा करत. ही गोष्ट त्यांना आणि मलाच माहीत होती.

मास्तरांच्या घरी एक रीत होती. शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी घरातल्या सगळ्यांची मापं घ्यायची. त्यासाठी एक वेगळी वही होती. एक पान त्यांच्या बायकोचं. एक पान थोरल्या मुलीचं. ती बारीक आणि बोलण्यात टोकदार, म्हणून तिचं नाव पडलं सुई. एक पान धाकटीचं, ती गोल गोल म्हणून बटण. मास्तरांचं स्वतःचं पान मात्र वहीत नव्हतं. सुईनं एकदा विचारलंही, तर म्हणाले, "माझं माप मला पाठ आहे. पस्तीस कंबर. लग्नापासून तेवढीच."

मित्रांनो, ही गोष्ट खरी होती. एका हिवाळ्यापर्यंत खरी होती.

त्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं. आरशासमोर उभे राहिले आणि मला स्वतःच्या कमरेभोवती घेतलं. मी त्यांच्या गळ्यात वीस वर्षं होते, पण कमरेशी पहिल्यांदाच गेले. माझ्यावर पस्तीसचा आकडा आला. म्हणजे चौतीस. त्यांनी मला सोडलं, पुन्हा गुंडाळलं, पुन्हा वाचलं. मग पँट काढून मशीनवर घेतली, कमरेची शिवण उसवली आणि एक इंच आत घेऊन पुन्हा शिवली. घरी गेले तेव्हा पँट अंगावर अशी बसली होती की जणू आजच बेतली असावी.

पुढच्या महिन्यात तेहतीस. त्याच्या पुढच्या महिन्यात साडेबत्तीस. दर वेळी शटर अर्धं. दर वेळी मी, आणि मग मशीनचा आवाज. पँटनंतर शर्टाच्या बाजू आत आल्या, खांदे आत आले, गळ्याचं बटण अर्धा इंच सरकलं. दुसरा कुणी असता तर कपडे ढगळ दिसले असते आणि शेजाऱ्यांनीसुद्धा विचारलं असतं. पण हा शिंपी होता. तो बारीक होत गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे कपडेही बारीक होत गेले, त्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही. मला दिसत होतं. पण मला फक्त आकडे दाखवता येतात, तेही कुणी वाचले तर.

ते लपवत का होते, हे मला कळायला वेळ लागला. गेली सहा वर्षं ते मुलींना मोठं शहर दाखवायचं कबूल करत होते. शहरात त्यांची थोरली बहीण राहत होती. तिलाही भेटायचं होतं. दर वर्षी ऐन सुट्टीत काम येई आणि जाणं राही. या वर्षी मात्र तिकिटं काढून झाली होती. बटणने पाहायच्या जागांची यादी करून दाराला चिकटवली होती. मनोरा, संग्रहालय, मत्स्यालय. मत्स्यालयाखाली तिने तीन रेघा मारल्या होत्या. त्या आठवड्यात मास्तरांनी मला कमरेवरून काढलं, बराच वेळ हातात धरलं आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरकडे गेलो की ते काहीतरी नाव सांगणार. आधी एवढं फिरून येऊ."

मी त्या दिवशी एकतीसवर थांबले होते. म्हणजे तीस.

निघताना त्यांनी मला कोटाच्या खिशात टाकलं. बायको म्हणाली, "ती कशाला? मनोऱ्याला सदरा शिवणार आहात का?" मास्तर म्हणाले, "गळ्यात नाही तर खिशात तरी असू दे. नाही तर मला चुकल्यासारखं होतं."

स्टेशनवर आत्याचे यजमान न्यायला आले होते. मुली त्यांना काका म्हणत. काकांनी तीस वर्षं शहराची बस चालवली होती आणि सारं शहर त्यांना थांब्यांनीच पाठ होतं. हात वर करून, बस अडवावी तसे ते गर्दीत उभे होते. घरी जाईपर्यंत त्यांनी प्रत्येक इमारतीला तिच्या बसचा नंबर सांगितला. बटणने विचारलं, "काका, आकाश कुठल्या नंबरला?" काका म्हणाले, "ती गाडी अजून सुरू नाही झाली."

आत्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. जिना चढताना मास्तर प्रत्येक मजल्यावर थांबत. थांबून कठड्याचं लोखंड, भिंतीचा रंग, कुणाच्या दारावरचा पडदा, काही ना काही निरखत. दर वेळी कारण नवं होतं. माझ्या शेजारी, कोटाच्या आत, त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते मला ऐकू येत होतं.

मास्तरांना शिवणकाम शिकवलं ते या आत्यानेच. आई गेल्यावर तिनेच धाकट्या भावाला सांभाळलं होतं. हातमशीनचं चाक तो फिरवायचा आणि ती शिवायची. दार उघडताच तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "कपडा छान बसलाय," म्हणाली. पण नजर मनगटावर दोनदा गेली. मास्तरांनी बाही खाली ओढली.

त्या दिवशी जेवताना त्यांनी आपल्या ताटातला भात तीनदा बटणच्या ताटात टाकला. सगळ्यांना वाटलं, लाड चाललेत.

दुसऱ्या दिवशी मनोरा झाला. तीनशे बारा पायऱ्या होत्या. मास्तर खालच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथे बसून लोकांची शिलाई बघतो. शहरात कॉलर कशी लावतात ते कळायला हवं." बायको म्हणाली, "गाव सोडलं तरी दुकान काही बंद होत नाही तुमचं." आणि मुलींना घेऊन वर गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मास्तर कोपरं गुडघ्यावर टेकून वाकले. त्यांनी कुणाचीच कॉलर पाहिली नाही. वरून मुलींच्या हाका आल्या तेव्हा मात्र ताठ उभे राहून त्यांनी दोन्ही हात हलवले. खालून त्यांना त्या दिसल्या असतील असं मला वाटत नाही.

त्यानंतर संग्रहालय. आणि मित्रांनो, माझी चूक तिथे झाली.

एका दालनात काचेच्या पेटीत जुन्या काळच्या कुणा मोठ्या माणसाचा अंगरखा ठेवला होता. बटणला तो केवढा आहे ते मोजायचं होतं. मास्तर थकून भिंतीशी बसले होते. तिने त्यांच्या खिशातून मला ओढून काढलं आणि प्रथमच मी मुलींच्या हातात आले. त्यांनी पेटी मोजली, बाक मोजला, पहारेकऱ्याचा बूटही मोजला. पहारेकरी आधी रागावला आणि मग दुसरा पायही पुढे केला. शेवटी सुई म्हणाली, "बाबा, उभे राहा. तुमचं एकट्याचं माप वहीत नाही." ते नको म्हणाले. ती ऐकेना. तिने मला त्यांच्या कमरेभोवती घेतलं, वाकून वाचलं आणि सहलीच्या डायरीत लिहिलं, "बाबा, एकतीस."

माझ्या अंगावर एकतीसच होतं. मी खोटं दाखवलं नाही. पण ते खरंही नव्हतं. मास्तरांनी फक्त म्हणायचं होतं की हिचा पहिला इंच नाही. ते म्हणाले नाहीत. "बरोबर," म्हणाले आणि मला गुंडाळून खिशात टाकलं.

एकतीस म्हणजेसुद्धा चार इंच गेलेले होते. सुईच्या ते लक्षात यायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. ती तेरा वर्षांची होती. बाबांची पँट नीट बसलेली दिसत होती, बाबा हसत होते. तिने डायरी मिटली आणि बहिणीच्या मागे धावली.

तिसरा दिवस मत्स्यालयाचा. बटण पहाटेच बूट घालून बसली होती. आत्या इस्त्री करत होती. मास्तरांनी आदल्या दिवशी धुतलेली पँट दोरीवर होती. मी करतो, मी करतो, असं ते बजावून गेले होते, पण दाढी करायला गेले तेवढ्यात आत्याने ती ओढून घेतली. चांगली इस्त्री आधी आतून करायची असते. तिने पँट उलटी केली आणि तिचा हात थांबला.

कोट खुर्चीच्या पाठीला होता. मी खिशातून अर्धी बाहेर लोंबत होते. मला सगळं दिसलं.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बोटभर माया पुष्कळ झाली. तिथे तीन बोटं कापड दुमडलेलं होतं. तिने पँट खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली.

"धाकट्या, इकडे ये."

मास्तर गालाला साबण तसाच ठेवून आले.

"ही शिवण कुणी घातली?"

"मीच. दुसरं कोण घालणार?"

"किती वेळा?"

आत्याने नखाने एकेक ओळ दाखवली. उसवलेल्या शिवणीत सुईची भोकं राहतात, एकाखाली एक, कापडावर पुसट रांगा असतात. "सात वेळा उसवलीस," ती म्हणाली. "एवढी बारीक भोकं कुणाला दिसत नाहीत, म्हणून तुला वाटलं कुणालाच दिसणार नाहीत. मी तुला शिकवलंय, अरे."

मास्तरांची बायको चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती. तिला काही उमजत नव्हतं. सुई मध्येच म्हणाली, "पण आत्या, आम्ही काल मोजलं बाबांना. एकतीस भरले." आणि डायरी घेऊन आली.

बायको म्हणाली, "एकतीस? पस्तीस आहे त्यांची. लग्नापासून पस्तीस."

आत्याने मला खिशातून काढलं. माझ्या कडेवरून बोट फिरवत टोकापर्यंत आली आणि जिथे टोपी असायला हवी होती तिथे थांबली.

"हिला पहिला इंच नाही," ती म्हणाली. "सुई, किती वाचलंस?"

"एकतीस."

"मग एक वजा कर."

गणितात ती पोर वर्गात पहिली होती. तरी उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला. दिलं तेसुद्धा आत्याला नाही, बाबांकडे बघत दिलं. "तीस?"

मास्तर खुर्चीवर बसले. साबण गालावर वाळत चालला होता. "मुलींचं फिरणं होऊ दे म्हटलं," ते म्हणाले. "सहा वर्षं सांगतोय त्यांना."

बायकोने भांडं खाली ठेवलं. ती ओरडली नाही. "रोज माझ्यासमोर बसून जेवता," ती म्हणाली. "आणि मी कपडे बघत राहिले."

काका दाराशी बूट घालत होते. ते मान वर न करता म्हणाले, "एकोणीस नंबर. पाचवा थांबा. उतरलं की समोर मोठं रुग्णालय. नऊची गाडी मिळेल." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बटणने विचारलं, "आणि मासे?" मग स्वतःच म्हणाली, "मासे काय, पाण्यातच असतात."

रुग्णालयातल्या लांबलचक बाकावर आम्ही दुपारपर्यंत होतो. मास्तरांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत होते. बटणने मला बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सुई डायरी मांडीवर घेऊन एकाच पानाकडे बघत होती. तिने एकतीस खोडून तीस लिहिलं होतं, आणि पेनाने ते इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. दार उघडलं की पाचही जण एकदम उठत. दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जाई. पाचही जण बसत.

अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या म्हणाल्या की, उशीर झालाय. मास्तरांची बायको भिंतीला टेकली. मग त्या म्हणाल्या, अगदीच झालेला नाही, पण इथून पुढे एक दिवसही घालवायचा नाही.

सुट्टी चार दिवसांची होती, ती चार महिन्यांची झाली. आत्याच्या घरात खाटा हलल्या. काका रोज मास्तरांना बसने नेत आणि आणत. दर रविवारी सकाळी सुई मला हातात घेई, बाबांच्या कमरेभोवती लावी, आणि मोठ्याने एक वजा करून आकडा सांगे. गावाहून वही मागवून तिने त्यांच्यासाठी तिच्यात नवं पान केलं होतं. तीस. साडेएकोणतीस. तीस. साडेतीस. ज्या दिवशी बत्तीस भरले त्या दिवशी मास्तरांनी स्वतः मशीनवर बसून पँटची एक शिवण उसवली आणि कापड बाहेर सोडलं. आत्या शेजारी बसून चाक फिरवत होती.

मत्स्यालयही झालं. मास्तर एका मोठ्या काचेसमोर बसले होते आणि बटण त्यांच्या मांडीवर होती, बसण्याइतकी लहान राहिली नव्हती तरी. एक रुपेरी मासा अगदी जवळून गेला. मास्तर म्हणाले, "बघ, कुठे एक शिवण दिसत नाही." ते कितीतरी वेळ त्या माशाकडे पाहत राहिले.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. ही वर्षं आत्याच्या नखाने मिळवून दिली, असं मी मानते. आधीचे सात महिने मिळाले असते तर किती वर्षं झाली असती, ते माझ्या कुठल्याच इंचावर लिहिलेलं नाही. वहीतलं त्यांचं पान दोन्ही बाजूंनी भरलं आहे. शेवटचा आकडा सुईच्याच अक्षरात आहे. त्याच्याखाली तिने रेघ मारलेली नाही.

आता दुकान नाही. मशीन कुणीतरी नेलं. मी एका पत्र्याच्या डब्यात असते, सोबत खडूचा तुकडा आणि चार-दोन बटणं. माझा रंग तडकला आहे, सत्तावीस आणि अठ्ठावीसचे आकडे नीट वाचता येत नाहीत. मला उन्हात ठेवू नका, ताणू नका, एवढं मागितलं असतं, पण आता त्याचंही फार वाटत नाही. वर्षातून एका रविवारी डबा उघडतो. सुई आता मोठी झाली आहे. ती आधी आईचं माप घेते, मग बटणचं. मग मला बटणच्या हातात देते आणि स्वतः हात वर करून उभी राहते. या घरात आता कुणाचंच पान कोरं ठेवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जे सगळ्यांची काळजी घेतं आणि स्वतःचं माप पाठ आहे म्हणतं. त्याचे कपडे नीट बसले आहेत एवढ्यावर जाऊ नका. त्याला कधीतरी उभं करा, जवळ जा आणि स्वतःच्या हाताने मोजा. आणि तो "मी बरा आहे" म्हणाला, तर त्यातून एक वजा करा.